माग थांबतो, चूल थांबत नाही

(१ मे रोजी बेळगाव येथे विणकर व कामगार यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा दिवस सीमाभागातील मराठी माणसाला दुहेरी अर्थाचा आहे. १ मे हा साऱ्या जगातील श्रमिकांचा दिवस. आणि १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य जन्मास आले, ते बेळगाव, कारवार, निपाणी, खानापूर यांना उंबरठ्याबाहेर ठेवून. त्या राज्यासाठी मुंबईच्या रस्त्यांवर ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांत कामगार होते. म्हणून आजच्या दिवशी आम्ही सीमेच्या रेषेविषयी न बोलता कामगाराच्या भाकरीविषयी बोललो, तर ते विषयांतर झाले असे कोणी समजू नये. ज्या लढ्याला आपल्या माणसांच्या चुलीची चिंता नाही, तो लढा फार काळ पेटता राहत नाही.

प्रश्न साधा आहे. संकट येते, काम काही काळ थांबते, आणि त्या काळात कामगाराने खायचे काय? बेकारीचा प्रश्न निराळा आणि हा निराळा. बेकाराला कामच नसते. येथे काम असते, कसब असते, यंत्र शाबूत असते, गिऱ्हाईकही कालांतराने परत यावयाचे असते. तुटतो तो केवळ मधल्या दोन-तीन महिन्यांचा धागा. ताण्यातील धागा तुटला तर विणकर सारे कापड फेकून देत नाही, तो धागा सांधतो आणि माग पुन्हा सुरू करतो. जे शहाणपण विणकराला ठाऊक आहे, ते सरकारला ठाऊक असू नये काय?

मार्च २०२० आपण विसरलेलो नाही. वडगाव, खासबाग, शहापूर येथील ज्या गल्ल्यांत मागाच्या खटखटीवाचून झोप लागत नाही, त्या गल्ल्या एका रात्रीत मुक्या झाल्या. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, जिल्ह्यात महापूर येऊन गेला होता; त्यातून मान वर काढतो न काढतो तोच टाळेबंदी आली. मजुरी विणलेल्या नगावर. नग नाही तर मजुरी नाही. सूत येईना, विणलेली साडी उचलली जाईना. मालकाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच राहिली. कोणी मागच मोडीत काढला, कोणी गवंड्याच्या हाताखाली गेला. असा विणकर धंद्यातून गेला की त्याच्याबरोबर वीस वर्षांचे कसबही जाते. ते पुन्हा उभे करण्यास दोन महिन्यांच्या मजुरीहून कितीतरी अधिक खर्च येतो, हा हिशेब कोणत्याही सरकारी कागदावर मांडला गेला नाही.

संकट म्हणजे केवळ साथ नव्हे. गोव्याच्या खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये बंद पडल्या; पुढे फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. नियमभंग झाला असेल तर तो ट्रक चालविणाऱ्याने किंवा यंत्रावर बसणाऱ्याने केलेला नव्हता. तथापि उपास प्रथम त्यांच्याच घरी शिरला. पूर असो, साथ असो, सुताची टंचाई असो वा न्यायालयाचा निकाल असो, कारणे बदलतात. भार सोसणारा खांदा तोच राहतो.

आता कोणी म्हणेल, आपल्या देशात यासाठी कायदा आहे. होय, आहे. १९५३ साली, श्री. व्ही. व्ही. गिरी केंद्रात मजूरमंत्री असताना, १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती झाली. कोळसा, वीज वा कच्चा माल यांचा तुटवडा, मालाचा साठा तुंबणे, यंत्र बिघडणे अशा कारणांनी मालक काम देऊ शकला नाही, तर कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळावी, असे ठरले. कामगाराने रोज एकदा हजेरी द्यावी, एवढी अट. त्या काळी ही मोठी गोष्ट होती, आणि ज्यांनी ती पदरात पाडून घेतली त्यांचे ऋण आम्ही मानतो.

परंतु त्या कायद्याच्या दारावरच एक पाटी होती: जेथे पन्नासांहून कमी कामगार, तेथे हा हक्क नाही. बदली कामगारास नाही, नैमित्तिकास नाही. ज्याचे नाव पटावर आहे आणि ज्याची वर्षभराची सलग नोकरी झाली आहे, त्यालाच. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. नाव बदलले, निम्म्या वेतनाचे तत्त्व राहिले, आणि पन्नासांची पाटीही राहिली. आमच्या वडगावच्या एका घरात माग चार, फार तर दहा. त्यावर राबणारा विणकर आणि कांडी भरणारी त्याची बायको यांच्यासाठी हा कायदा म्हणजे परगावचा पाऊस आहे.

दुसरे वैगुण्य याहून मोठे आहे. ही भरपाई द्यावयाची कोणी? एकट्या मालकाने. ज्याचा माल पडून आहे, ज्याचा कारखाना बंद आहे, त्यानेच, आणि तेही नेमक्या त्याच महिन्यांत. याचे फळ २०२० साली दिसले. २९ मार्च रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आज्ञा काढली की टाळेबंदीच्या काळातील वेतन प्रत्येक मालकाने कपात न करता द्यावे. आज्ञा उदार होती, परंतु तिच्यासोबत सरकारी तिजोरीतून एक रुपयाही निघाला नाही. मालक न्यायालयात गेले. १८ मेपासून ती आज्ञा उरली नाही. आणि १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसांत बोलणी करून तडजोड करावी असे सांगितले. रिकाम्या पोटी माणूस कसली बोलणी करणार? दुसऱ्याच्या खिशातून दाखविलेले औदार्य फार दिवस टिकत नाही, एवढाच त्याचा धडा.

कर्नाटक सरकारने त्याच मे महिन्यात १,६१० कोटींची मदत जाहीर केली. हातमाग विणकराला २,००० रुपये. आणि नंतर यंत्रमाग कामगारालाही २,०००. मिळाले त्यांना ते उपयोगी पडले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दोन महिने बंद असलेल्या मागाची मजुरी आणि हे २,००० यांची तुलना करण्याचे धाडस कोणी करील काय? आणि रकमेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही की तो हक्क नव्हता, ती मेहेरबानी होती. मेहेरबानीला मोजमाप नसते, मुदत नसते आणि दाद मागण्याची जागाही नसते.

इतर देशांनी काय केले ते पाहू. जर्मनीत १९१० साली पोटॅशच्या खाणींचे उत्पादन कायद्याने कमी केले गेले, तेव्हा अर्धवेळ काम उरलेल्या मजुरांना राज्याने भरपाई दिली. त्या बीजातून आजची पद्धत वाढली. काम कमी झाले तर कामगार पटावरच राहतो. गेलेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के भाग त्याला मिळतो. पैसा येतो तो मालक व कामगार या दोघांनी सुकाळात भरलेल्या वर्गणीतून, आणि ती अपुरी पडली तर सरकार हात देते. २०२० ची साथ आली तेव्हा त्या निधीत सुमारे २६ अब्ज युरो शिल्लक होते, आणि एकट्या एप्रिल महिन्यात सुमारे ६० लाख कामगारांना त्याचा आधार झाला. ब्रिटनजवळ अशी व्यवस्था नव्हती. तरीही मार्च २०२० मध्ये तेथील सरकारने वेतनाचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, आपल्या शिरावर घेतले आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत सुमारे १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना टेकू दिला.

ते श्रीमंत देश, आपले काय, असे म्हणणाऱ्यांस आम्ही दूर नेत नाही, महाराष्ट्रातच नेतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र काही जर्मनी नव्हता. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता. पैसा कोठून आला? १९७५ पासून शहरातील पगारदाराने भरलेल्या व्यवसाय करातून. शहराने खेड्याचा भार उचलला आणि त्याचे कोणी भांडवल केले नाही. तेव्हा अडचण दारिद्र्याची नसून इच्छेची आहे.

आक्षेप आहेत, आणि ते आम्ही टाळणार नाही. फसवेगिरी होईल, असे म्हणतात. ब्रिटनमध्ये ती झालीही. कामगाराला राबवून घेऊन वर सरकारी पैसा उचलणारे मालक तेथे निघाले. उत्तर तपासणी हे आहे, योजना न करणे हे नव्हे. मरू घातलेल्या धंद्यांत माणसे अडकून पडतील, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणून मुदत ठरलेली असावी, आणि त्या मुदतीनंतर नव्या कामाच्या शिक्षणाची सोय असावी.

यास्तव आमची मागणी चार शब्दांत सांगता येईल: नोंद, निधी, मुदत, भाषा. प्रत्येक मागावरील प्रत्येक विणकराची आणि कांडीवालीची नोंद व्हावी, मागांची संख्या न पाहता. मालक, कामगार आणि सरकार या तिघांच्या वाट्याने सुकाळातच निधी उभा राहावा, आणि लहान मागवाल्याच्या बाबतीत सरकारचा वाटा मोठा असावा. संकट जाहीर होताच पंधरा दिवसांत निम्मी मजुरी हाती पडावी, आणि ती तीन महिन्यांपर्यंत मिळावी. आणि चौथे, त्याचे अर्ज व सूचना मराठीतही मिळाव्यात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने आणि राज्यांनी पूर्वीच मान्य केले आहे. घटनेचे ३५० वे कलम तर प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. जो अर्ज वाचताच येत नाही, त्याची मुदत टळली म्हणून मदत नाकारणे हा अन्याय दुहेरी आहे.

येथे एक कटू गोष्ट आम्हांस आपल्याच माणसांना सांगावयाची आहे. नोंद नाही याचा दोष एकट्या सरकारचा नाही. पुष्कळ मागांचे मालक मराठीच आहेत. सीमालढ्याच्या सभेत ते आपल्या शेजारी बसतात. परंतु त्यांतील कितीकांनी आपल्या विणकराचे नाव वहीत लिहिले आहे? उचल लिहिलेली वही घरोघर आहे. हजेरी लिहिलेली वही शोधावी लागते. बेंगळूरूकडे न्याय मागताना आपल्या उंबऱ्याच्या आतला अन्याय झाकून ठेवता येणार नाही. नोंद केली तर वर्गणी भरावी लागेल, ही त्यांची भीती आम्ही जाणतो, आणि लहान मागवाल्याची ओढाताणही जाणतो. म्हणूनच त्याचा वाटा लहान असावा असे आम्ही म्हणतो. परंतु वाटा लहान असावा म्हणजे वही कोरी असावी असे नव्हे.

आणि हेही स्पष्ट असावे की ही मागणी केवळ मराठी विणकराची नाही. शेजारच्या मागावर बसलेल्या कानडी विणकराचा धागाही त्याच दिवशी तुटला होता. आमचे भांडण राज्यकर्त्यांच्या हट्टाशी आहे, त्याच्या भाकरीशी नाही. तो आपल्याबरोबर आला तर आपल्या न्याय्य लढ्याचे बळ कमी होणार नाही, वाढेल.

बंधुभगिनींनो, पुढचे संकट कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. ते येईल एवढे निश्चित. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारतात, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे. म्हणून उद्यापासून प्रत्येक गल्लीत एक वही उघडा. माग किती, विणकर कोण, कांडीवाली कोण, मजुरी किती, हे तिच्यात लिहा, आणि मालकाची सही घ्या. सरकारने यादी मागितली नाही तरी आपण ती घेऊन त्याच्या दारात उभे राहू. तेव्हा तुम्ही कोण, हे विचारण्याची सोय त्याला उरणार नाही.

जय महाराष्ट्र!