गॅरेजला वेगळा डीबी बसवताना

आज बोलू या घरच्या गॅरेजमधल्या वर्कशॉपबद्दल. इंदूर असो, बडोदा, हैदराबाद की सांगली, चित्र सारखंच दिसतं. गाडी बाहेर, आत करवत, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, आणि सगळं चालतं घरातून ओढलेल्या एका एक्स्टेन्शनवर. हे बंद करून गॅरेजला स्वतःचा छोटा डीबी द्यायचा आहे.

आधी हिशेब. माणूस एक, त्यामुळे सगळी यंत्रं एकदम चालत नाहीत. पण काही आपोआप चालू होतात. दोन हॉर्सपॉवरची करवत साधारण १० अँपिअर घेते. भुसा ओढणारा व्हॅक्यूम ५, दिवे-पंखा १. त्यात टाकीचा दाब उतरला की कॉम्प्रेसर न विचारता सुरू होतो, तो आणखी १०. झाले २६. म्हणून मेन बोर्डात ३२ अँपिअरचा एमसीबी आणि तिथून गॅरेजपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, सोबत अर्थची तार. अंतर २० मीटर असेल तर २५ अँपिअरला साधारण ३ व्होल्ट पडतात. मोटरला ते चालतं. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो पुरतो का हेही बघा. वेल्डिंग सेट असेल तर त्याचा हिशेब वेगळा करा.

आता मुद्द्याचं. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. करवतीच्या बॉडीत करंट उतरला, अर्थिंग तुटलेलं आहे आणि तुम्ही ओल्या फरशीवर उभे आहात. अंगाचा रोध ढोबळ १००० ओहम धरा. २३० व्होल्टला अंगातून पाव अँपिअरच्या आसपास करंट जाईल. जीव जायला तेवढा पुरेसा आहे, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागणार नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो पाहतो. फरक पडला की सेकंदाच्या काही अंशात बंद. मात्र तुम्ही फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडलेत, तर त्याला फरक दिसत नाही. आणि तो आहे म्हणून अर्थिंग नको, असंही नाही.

गॅरेजच्या बोर्डात आधी दोन पोलचा आयसोलेटर, मग ४० अँपिअरचा आरसीसीबी, मग एमसीबी. सॉकेटला १६ अँपिअर आणि २.५ ची तार. कॉम्प्रेसरला २० अँपिअर आणि ४ ची तार. मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट खेचते, म्हणून तिथे सी कर्व्हचा एमसीबी. दिवे मात्र या आरसीसीबीवर घेऊ नका, त्यांना वेगळा द्या. करवत ट्रिप झाली तरी पातं काही क्षण फिरतच राहतं, आणि त्या वेळी अंधार नको.

आता अनेकांचा नेहमीचा प्रश्न: नवीन बोर्ड बसवला, आरसीसीबी सारखा पडतो, वायरमन म्हणतो काढून टाकू. थांबा. बहुतेकदा न्यूट्रलची सरमिसळ झालेली असते. दिव्याचा फेज एका आरसीसीबीतून आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर लावला, तर दिवा लावताच हिशेब चुकणार. प्रत्येक आरसीसीबीला न्यूट्रलची स्वतःची पट्टी हवी. आणि गॅरेजच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ कधीही जोडायचे नाहीत. जोडले आणि मागे न्यूट्रल तुटला, तर यंत्रांच्या बॉडीत करंट येऊ शकतो. हे सगळं तपासूनही पडत असेल, तर एकेक यंत्र काढून बघा. गळती खरीच असते, आणि ती कुठे आहे हे आरसीसीबी फुकटात सांगत असतो.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, नियमही तेच सांगतो. आपलं काम आहे योग्य प्रश्न विचारण्याचं. पैसे देण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा: न्यूट्रलच्या पट्ट्या वेगळ्या आहेत का, अर्थ प्रत्येक सॉकेटपर्यंत पोहोचतो हे मीटर लावून दाखवलं का, आणि टेस्टचं बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो का. ते बटण पुढेही दर महिन्याला दाबत जा.