बदलाची वार्ता

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले, व मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत अखंड लोहमार्ग सिद्ध झाला. त्याबरोबर एक नवा प्रश्नही उपस्थित झाला. एकाच मार्गावर अनेकांचे हात चालू लागले की एकाने केलेला बदल इतरांस कळावा कसा? संगणकाच्या आज्ञावल्या रचणाऱ्या समुदायांपुढे आज नेमका हाच प्रश्न आहे, आणि जबलपूरच्या श्रोत्यांना तो समजावून घेण्यासाठी फार दूर जावयास नको.

पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून या शहरात आहे. भारतीय रेल्वेच्या १९७६ च्या सामान्य नियमांत असे सांगितले आहे, की ज्या कर्मचाऱ्याला नियमपुस्तक दिले असेल, त्याने ते सर्व दुरुस्त्यांसह अद्ययावत ठेवावे, आणि हाताखालच्या माणसांनाही त्या दुरुस्त्या मिळतील अशी व्यवस्था करावी. येथे बदल प्रसृत करणे हे जसे कर्तव्य मानले आहे, तसेच तो स्वीकारून आपल्या प्रतीत उतरविणे हेही कर्तव्यच मानले आहे. जुन्या नियमावर विसंबून राहणारा माणूस प्रामाणिक असूनही घातक ठरू शकतो.

आज्ञावलीचेही तसेच आहे. निरनिराळ्या देशांतील शेकडो माणसे एकच आज्ञावली लिहीत असतात. एकाने दहा ओळी पालटल्या की त्यांवर अवलंबून असलेले दुसऱ्याचे काम बिघडू शकते. यास्तव प्रत्येक बदलाबरोबर एक सूचना निघते. बदल कोणी केला, केव्हा केला, कोणत्या ओळी गेल्या व कोणत्या आल्या, आणि तो का केला, एवढ्या गोष्टी तीत असतात. पहिल्या तीन यंत्राला आपोआप सांगता येतात. चौथी मात्र माणसानेच लिहावी लागते, आणि बहुधा तीच लिहावयाची राहून जाते. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच शब्द असलेली सूचना वाचणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. पाच वर्षांनी तीच ओळ पुन्हा बदलावयास निघालेल्या माणसाला ती पूर्वी कोणत्या संकटावर उपाय म्हणून घातली होती, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरा प्रश्न सूचना कोणाला द्यावयाची हा होय. सर्वांना सर्व काही कळवावे, हे तत्त्व ऐकावयास उदार वाटते. परंतु दिवसाला दोनशे सूचना येऊ लागल्या, की माणूस एकही वाचीत नाही. रेल्वेने यावर जुना तोडगा काढला आहे. मार्गावर काम चालू असेल तर चालकाला सतर्कता आदेश लेखी देतात. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, कोणत्या कारणासाठी आणि किती वेगाने, एवढेच त्यात असते. साऱ्या देशातील बंधने त्याला सांगत नाहीत. त्याला जावयाचे असलेल्या मार्गावरील तेवढी सांगतात. आज्ञावलीच्या ज्या भागाची जबाबदारी ज्याच्याकडे, त्या भागाच्या सूचना त्याच्याकडे, ही चांगल्या समुदायांतील पद्धत याच जातीची आहे. उरलेल्यांसाठी दिवसाचा किंवा आठवड्याचा गोषवारा पुरतो.

अशा नोंदींनी काय साधते, हे नोव्हेंबर २००३ मध्ये दिसून आले. लिनक्स या प्रणालीची मूळ प्रत त्या काळी ‘बिटकीपर’ नावाच्या व्यवस्थेत असे, आणि काही जणांच्या सोयीसाठी तिची एक नक्कल ‘सीव्हीएस’ या दुसऱ्या व्यवस्थेत ठेवीत. कोणीतरी त्या नकलेत गुपचूप दोन ओळी घातल्या. वरवर पाहता त्या एक साधी तपासणी वाटत. वस्तुतः जेथे तुलनेसाठी दोन बरोबरीची चिन्हे हवीत, तेथे एकच ठेवले होते. त्यामुळे ओळ तपासणी न करता सर्वाधिकार बहाल करीत असे. ही लबाडी पकडली गेली, कारण त्या बदलाचा मूळ प्रतीत कोठेच मागमूस नव्हता. ज्याची वार्ता नाही असा बदल, हीच धोक्याची खूण ठरली. पुढे एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही व्यवस्था रचली. तीत प्रत्येक बदलाची ओळख त्याच्या आशयावरून व आधीच्या बदलावरून गणिताने ठरते; मागचे पान कोणाला न कळता पालटणे अतिशय दुष्कर होते.

तथापि सूचना निघाली म्हणजे कार्य झाले, असे मात्र नाही. ‘ओपनएसएसएल’ या, जगभर गुप्त संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत ३१ डिसेंबर २०११ रोजी एक बदल दाखल झाला. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे तपासावयाचे त्यात राहून गेले होते. बदल उघड होता, नोंद उपलब्ध होती, एका जाणकाराने तो पाहूनही दिला होता. तरीही ‘हार्टब्लीड’ या नावाने तो दोष एप्रिल २०१४ मध्ये जाहीर होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ असंख्य संगणकांच्या स्मृतीतील गुपिते उघडी पडण्याचा धोका कायम होता. वार्ता सर्वांसाठी खुली होती. पण सर्वांनी ती दुसरा कोणी वाचीत असेल असे गृहीत धरले.

म्हणूनच सतर्कता आदेशाखाली चालकाची सही घेतात. कागद पोहोचला एवढ्याने भागत नाही. तो अमुक माणसाने वाचला, हे निश्चित व्हावे लागते. जबलपूरला डुमना येथे माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांना बदल कळविण्याची साधने शिकावयास फार वेळ लागत नाही. दुसऱ्याने केलेला बदल सावकाश वाचणे, न समजल्यास विचारणे आणि समजल्यावर त्याखाली आपले नाव घालणे ही सवय मात्र जडवून घ्यावी लागते. ज्या समुदायात अशी चार माणसे आहेत, त्याचे काम अपरिचितांनीही विश्वासाने वापरावे.