केसपेपरवर नसलेला रकाना



डॉक्टर आणि क्रीडाशिक्षक यांना एकाच मांडवात बसवायची कल्पना ज्यांची, त्यांचे आधी आभार. एरवी आपली गाठ पडते ती फिटनेस सर्टिफिकेटवर सही हवी असते तेव्हाच.

इथून, रहिमतपुरातून, रेल्वेने निघालं की मिरजेवरून कोल्हापूर. तिथे फुटबॉल पेठापेठांतून, तालमीतालमींतून खेळला जातो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं इथेही ठाऊक आहेत. उंच आलेला चेंडू कपाळावर घेऊन जाळ्यात धाडला की शाहू स्टेडियम डोक्यावर घेतं. त्या कपाळाच्या आत काय होतं, हे आपण फारसं विचारत नाही.

१९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये भारतीय फुटबॉल संघातल्या जर्नेलसिंगांच्या डोक्याला टाके पडले होते. तरी त्यांना बचावफळीतून काढून आघाडीला खेळवलं आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. त्याआधीचा, पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. दक्षिण कोरियावर २-१ असा विजय आपण अजून अभिमानानं सांगतो, टाक्यांसकट. पी. के. २० मार्च २०२० रोजी गेले. अखेरच्या काळात त्यांना पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश होता. तो खेळामुळेच झाला असं कुणी म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही. पण आज डोक्याला टाके पडलेल्या मुलाला मैदानात पाठवणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न कोर्टाच्या पायरीपर्यंत गेला. जेफ ॲस्टल हा हेडरसाठी नावाजलेला खेळाडू २००२ मध्ये ५९व्या वर्षी गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारण नोंदवलं : व्यवसायजन्य आजार. गिरणीतल्या धुळीनं छाती जावी, तसा चेंडूनं मेंदू गेला. २०१४ मध्ये त्याचा मेंदू पुन्हा तपासला, तेव्हा मुष्टियोद्ध्यांमध्ये आढळणारा सीटीई हा विकार निघाला. १९६६चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातले विल्सन, पीटर्स, स्टाइल्स आणि दोघे चार्लटन बंधू, अशा पाच जणांना स्मृतिभ्रंश झाला.

ही उदाहरणं झाली. आकडे ग्लासगोचे आहेत. २०१९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी इतर २३ हजार लोकांशी ताडून पाहिल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू खेळाडूंमध्ये साडेतीन पट. पुढे असंही दिसलं की बचावफळीतल्यांना धोका सर्वांत जास्त, गोलकीपरला मात्र जवळपास इतरांएवढाच. गोलकीपर चेंडू हातानं अडवतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच नोंदींत हृदयविकारानं मरणारे खेळाडू कमी निघाले. तेव्हा पोरांचा खेळ बंद करा, असा निरोप इथून कुणी घरी नेऊ नये.

माझ्याकडे एक गृहस्थ येतात, सत्तरीच्या आतले. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, सुनेवर चोरीचा आळ, रात्रभर येरझाऱ्या. शुगर, प्रेशर, तंबाखू, दारू, सगळं विचारून लिहून झालं. उठता उठता बायको म्हणाली, "डोक्याला खोक आहे बघा त्यांच्या. बॉल घ्यायला उडी मारली न् गोलच्या खांबावर आदळले. दोनदा बेशुद्ध पडले होते. सेंटर हाफ होते ना."

आपल्या केसपेपरवर तंबाखूला रकाना आहे, खेळाला नाही. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, त्यामुळे या गृहस्थांना नेमकं काय झालंय ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण 'म्हातारचळ' म्हणून त्यांना घरी पाठवणं हा काही उपचार नव्हे. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, किंवा महिन्याभरापूर्वी न्हाणीत पडल्याचं निमित्त होऊन कवटीखाली रक्त साकळलं असेल. ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं, छिद्र पाडून काढता येतं आणि माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. इतकं सोपं निदान हुकवण्यासारखी दुसरी हळहळ नाही.

आता सर, मॅडम, तुमच्याकडे वळतो. कबड्डीत डोक्यावर डोकं आपटतं, कुस्तीत पोरगं मानेवर पडतं, आपण तोंडावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो आणि "काही नाही, ऊठ" म्हणतो. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला मार नाही, हा समज खोटा आहे. गरगरणं, मळमळ, स्कोअर न आठवणं, तेच तेच विचारणं, यातलं एकही दिसलं तरी त्या दिवसापुरता खेळ संपला. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर क्वचित जीवही जातो. वारंवार उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली किंवा झापड येऊ लागली तर घरी न नेता थेट दवाखान्यात. स्कॉटलंडनं २०२० मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडर मारणं बंद केलं. आपल्या शाळांना त्यासाठी कुठल्या जीआरची वाट पाहायचं कारण नाही.

दुपारच्या सत्रात दोन ठराव येणार आहेत. एक, केसपेपरवर 'खेळ व डोक्याचा मार' हा रकाना घालण्याचा. दुसरा, मार बसलेल्या मुलाला बाहेर काढायचा शेवटचा शब्द क्रीडाशिक्षकाचा, संस्थाचालकाचा नव्हे, असा. दुसऱ्यावर वाद होईल, होऊ द्या. फक्त जेवणाआधी हात वर करून दोन्ही निकालात काढू नका. सामना चालू असताना संस्थाचालकाचा फोन कुणाकुणाला आलाय, ते आधी ऐकू.