राखेखालचें रान

यवतमाळ जिल्ह्यांतील वणी हें शहर निर्गुडा नदीच्या कांठीं, वर्धेच्या खोऱ्यांतील कोळशाच्या पट्ट्यांत वसलेलें आहे. शहराबाहेर उघड्या खाणींतून उपसलेल्या माती-दगडांच्या टेकड्या दृष्टीस पडतात. त्यांवर झुडपें माजतात. झुडपांत रानडुकरें आसरा घेतात, आणि त्यांच्या मागोमाग वाघही येतो. मनुष्यानें टाकून दिलेली जमीन वन्य प्राण्यांनीं आपलीशी केली, याचें समाधान वाटावें. परंतु त्या जमिनींत पुढें काय टाकलें जाणार, हा प्रश्न उरतोच.

भारतीय कोळशांत राखेचें प्रमाण सामान्यतः शेंकडा ३० ते ४० असतें. म्हणजे एक टन कोळसा जळाला कीं ३०० ते ४०० किलो राख मागें राहते. तिच्या विनियोगासाठीं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें ३१ डिसेंबर २०२१ रोजीं अधिसूचना काढली. सिमेंट, विटा व रस्ते यांबरोबरच खोलगट जमिनी आणि खाणींचे रिकामे खड्डे राखेनें भरण्यास तींत मुभा आहे. राख ही केवळ माती असती, तर यांत वावगें कांहींच नव्हतें. पण तिच्यांत आर्सेनिक, सेलेनियम, पारा, शिसें यांचे अंश असतात, आणि पाणी लागलें म्हणजे त्यांतील कांहीं झिरपूं लागतात.

हे अंश प्राण्याला एका दिवसांत मारीत नाहींत, हाच खरा धोका होय. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत बेल्यूज नांवाच्या तलावांत एका वीजकेंद्राच्या राखेचें पाणी १९७४ पासून सोडलें जाऊं लागलें. त्यांतील सेलेनियम शेवाळांतून किड्यांत, व किड्यांतून माशांत सांचत गेलें. मोठे मासे पोहतच होते; पिल्लें मात्र विकृत निपजत होतीं. थोड्याच वर्षांत माशांच्या २० जातींपैकीं १९ जातींची वीण थांबली.

वणीचे पाणवठे या वाटेनें जाऊं नयेत, यासाठीं खबरदारी आधींच घ्यावयास हवी. खड्डा भरण्यापूर्वीं माती, पाणी व चारा यांची परीक्षा व्हावी. राखेखालीं पाणी न झिरपणारा थर, आणि वर जाड मातीचें आच्छादन असावें. रानांत मेलेलें जनावर सांपडलें म्हणजे गोळीची किंवा विजेच्या तारेची शंका प्रथम घेतली जाते. त्याबरोबरच त्याच्या यकृतांत हे धातू आहेत काय, हेंही पाहिलें जावें.

हरिणीचीं पाडसें जगेनाशीं झालीं, तर ती तक्रार नोंदवावयास येणार नाहीं. ज्यांच्या घरीं या कोळशावर दिवा लागतो, त्यांनींच ती चौकशी करावयाची आहे.