भीती, श्वास आणि आपण
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



दरवर्षी आपण विघ्नहर्त्याला मंडपात बसवतो, पण मनातल्या विघ्नाविषयी चारचौघांत बोलत नाही. गुडघे दुखतात, साखर वाढली, हे आपण प्रसाद घेता घेता सांगतो. ‘मला भीती वाटते’ असे मात्र कोणी म्हणत नाही. आज मी ते म्हणणार आहे.

२०२१ चा एप्रिल आठवा. माझा धाकटा भाऊ नागपूरला रुग्णालयात होता आणि मी इथे अभनपुरात फोनजवळ बसून. टाळेबंदीमुळे जाता येत नव्हते. चौथ्या रात्री फोन वाजला आणि तो गेल्याचे कळले. त्यानंतर कित्येक महिने फोन वाजला की छातीत धडधड व्हायची, हात गार पडायचे, बोटांना मुंग्या यायच्या. पुतणीचे फोनसुद्धा मी उचलत नसे. एका रात्री तर हृदयविकाराचा झटका समजून मुलाने मला रायपूरला नेले. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “काका, हृदय ठीक आहे. तुम्ही घाबरला आहात.” आनंद व्हायला हवा होता, पण मला लाज वाटली. नातेवाइकांना आम्ही ‘गॅस झाला होता’ असे सांगितले.

पुढे समजून घेतले तेव्हा कळले की यात लाजण्यासारखे काही नाही. भीती वाटली की मेंदू शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज करतो. हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. समोर वाघ असेल तर हे उपयोगाचेच आहे. पण आपण पळत नाही, खुर्चीत बसून धापा टाकतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. डोके हलके होते, मुंग्या येतात. ते पाहून आपण आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो.

हे चक्र तोडायचे कुठे? हृदयाला ‘हळू चाल’ असा हुकूम देता येत नाही, श्वासाला देता येतो. श्वास आपोआप चालतो, तसाच आपल्या इच्छेनेही चालतो. शिवाय श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवायचा.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर फार मोठे काम झाले आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आपण मुंबईला जातो तेव्हा वाटेत इगतपुरी लागते. तिथे सत्यनारायण गोयंका यांचे विपश्यना केंद्र आहे. त्यांनी ही साधना ब्रह्मदेशात शिकली आणि १९६९ पासून भारतात शिकवली. प्राणायामात श्वासाला वळण लावतात; विपश्यनेच्या शिबिरात आरंभी नैसर्गिक श्वास नुसता पाहायचा असतो. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अशाच सजगतेचा उपयोग रुग्णालयातल्या रुग्णांसाठी सुरू केला.

मी करतो ते अगदी साधे आहे. पाठ ताठ ठेवून बसावे. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. रोखून धरू नये, ओढूनताणून करू नये. पाच मिनिटांनी मोजणे सोडून श्वास येतो-जातो तिकडे फक्त लक्ष द्यावे. विचार येतीलच. अभनपूर हे छोट्या लाइनचे जंक्शन होते. एक फाटा धमतरीला, एक राजिमला. फलाटावर उभे राहून आपण गाड्या जाताना पाहत असू, प्रत्येक गाडीत चढत नव्हतो. विचारांचेही तसेच करावे. मात्र हा सराव रोज, बरे वाटत असतानाच करावा. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

दोन गोष्टी बजावून सांगतो. छातीत दुखले तर आधी डॉक्टर, मग श्वास. ते दुखणे भीतीचे की हृदयाचे, हे आपण घरी ठरवू नये. आणि भीतीमुळे झोप, जेवण, कामधंदा बिघडत असेल, किंवा डोळे मिटून बसल्यावर त्रास वाढत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

माझी भीती गेली का? नाही. गेल्या वर्षी पहाटे फोन वाजला आणि धडधड झालीच. मी तीन श्वास सावकाश सोडले आणि फोन उचलला. पुतणी होती. “काका, बाबांची आठवण येते, झोप लागत नाही,” म्हणाली. मी तिला सांगितले, “मलाही येते. चल, दोघे मिळून श्वास मोजू.” अर्धा तास आम्ही फोनवर होतो. आधीच्या त्या महिन्यांत तिने किती वेळा असाच फोन केला असेल, कोण जाणे! श्वासाने माझे दुःख नेले नाही. फोन उचलण्यापुरते बळ मात्र दिले.

आरती झाल्यावर आज शेजारच्या माणसाला ‘कसे आहात?’ असे विचारा, आणि उत्तर ऐकण्यासाठी दोन मिनिटे थांबा. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!