झाडावरची बैठक



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय येते, अर्थकारण येते, हल्ली अवकाशयानही येते. झाडावर चढताना अंगाला बांधावयाच्या खोगिरावर कोणी व्याख्यान दिल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. चालकांना हा विषय आम्ही सांगितला तेव्हा त्यांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले आणि मग म्हणाले, "बोला, साजगावात ऐकणारे पुष्कळ निघतील." ते खरे आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत झाडावर चढणे हा खेळ नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजावयाचा तर ऐनाचे टहाळ कोणीतरी उतरविले पाहिजेत. वैशाखात आंबे उतरविले पाहिजेत. ताडावर कोणी चढतो, आग्या मोहोळासाठी कोणी जीव मुठीत धरून वर जातो. आमच्या ठाकूर आणि कातकरी बांधवांना हे शिकवावयास जाणे म्हणजे माशाला पोहणे शिकविणे होय, आणि तो आमचा उद्देश नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत या चढण्याचे स्वरूप पालटले आहे. मुंबईकरांनी इकडे जमिनी घेतल्या, बंगले बांधले. पूर्वी माळावर एकटे उभे असलेले आंब्याचे झाड आता कोणाच्या तरी कौलांवर वाकलेले असते. फांदी धाडकन पाडता येत नाही. तुकड्यातुकड्याने कापून दोराने खाली सोडावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर तर जिल्हाभर मोडक्या, अडकून राहिलेल्या फांद्या उतरविण्याचे काम पडले. टहाळ तोडणारा गडी अर्ध्या तासात झाडावरून उतरतो. हे नवे काम मात्र तीनतीन, चारचार तास वर राहून करावयाचे असते, आणि तेही हातात यांत्रिक करवत घेऊन. अनवाणी पायांचे कसब येथे कमी पडते. ते अपुरे आहे म्हणून नव्हे. चौथ्या तासाला पाय थरथरू लागतात म्हणून. तेथे बसावयास काहीतरी हवे.

ही कल्पना परदेशी आहे असेही नाही. मुंबईच्या माडांना भंडारी लोक पाय ठेवण्यासाठी खाचा पाडीत; पायांत काथ्याचे वेटोळे घालून माडावर चढणारा गडी तर आपण सर्वांनीच पाहिला आहे. कर्नाटकाच्या मलनाडात सुपारी काढणारा मनुष्य दोरीने झाडाला अडकविलेल्या लहानशा फळीवर बसून घड उतरवितो. केरळात कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी गावच्या एका शेतकऱ्याने लोखंडी चौकटींचे माडावर चढण्याचे यंत्र काढले, ते त्या गावाच्याच नावाने ओळखले जाते. त्यावर उभे राहून चढावे लागते. पुढे बसून चढण्याची यंत्रेही निघाली. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना आणि स्त्रियांना अशा यंत्रावर चढावयास शिकविण्याचे वर्ग चालविले. ही सर्व यंत्रे सरळसोट, बिनफांद्यांच्या खोडासाठी. आंबा, चिंच, जांभूळ, वड यांच्यावर ती निरुपयोगी. तेथे दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घ्यावयाचा आणि त्या दोराला आपण टांगून घ्यावयाचे. टांगून घेण्यासाठी अंगाला जो पट्ट्यांचा सांगाडा बांधतात त्याला इंग्रज वृक्षकर्मी 'सॅडल' म्हणतात, म्हणजे खोगीर. आपल्याकडे खोगीर म्हटले की घोडा आठवतो. येथे घोडा नाही, खोगीरच दोराला लटकलेले आणि स्वार त्यात.

आता निवडीचा प्रश्न. बाजारात तीन वस्तू एकाच नावाने विकल्या जातात आणि येथेच पहिला घोटाळा होतो.

खोपोलीसारख्या कारखान्यांच्या गावात सहज मिळतो तो 'सेफ्टी बेल्ट'. त्यातला नुसता कमरेचा पट्टा असेल तर त्यावर लटकण्याचा विचारही करू नये. सगळा भार पोटावर आणि खालच्या बरगड्यांवर येतो, श्वास कोंडतो. कमरेला दोर गुंडाळून वर जाणाऱ्याची हीच गत. दुसरा प्रकार अंगभर पट्ट्यांचा, आय. एस. ३५२१ या भारतीय मानकाप्रमाणे बनविलेला. ही वस्तू चांगली आहे. पण ती कशासाठी आहे हे समजून घ्या. तिची मुख्य कडी पाठीवर असते, कारण इमारतीवरून पडणाऱ्या माणसाला हवेत धरून ठेवणे एवढेच तिचे काम. पाठीच्या कडीला लटकलेल्या माणसाला फांदीकडे तोंड करून करवत चालविता येत नाही. तो विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा गरगरत राहतो. ठेकेदार हा पट्टा आणून देतो, "दिला ना पट्टा?" म्हणतो, आणि गडी तो अंगात घालून, कडी मोकळी ठेवून काम करतो. कागदोपत्री सर्व ठीक असते.

तिसरा प्रकार गिर्यारोहकांचा. समोर नागफणीचा कडा दिसतो, तेथे येणारी मुले हा वापरतात, आणि आमच्याकडे एकजण तरी विचारतोच की तो झाडाला का चालू नये? त्याचा इतिहास मनोरंजक आहे. फार वर्षे गिर्यारोहक कमरेला दोरच बांधीत; १९७० साली अन्नपूर्णेच्या दक्षिण कड्यावरील मोहिमेसाठी डॉन व्हिलन्स या इंग्रज गिर्यारोहकाने मांड्यांना आधार देणारी बैठक तयार केली, ती पुढे जगभर पसरली. परंतु गिर्यारोहक आपल्या हातापायांवर चढतो. पट्टा त्याला पडला तरच हवा. म्हणून तो हलका, अरुंद, सुटसुटीत. झाडावरचा माणूस तासन् तास पट्ट्यातच बसतो. अरुंद पट्टा मांडीत रुतू लागला की अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात. झाडाचे खोगीर रुंद असते, कमरेमागे टेकू देणारे असते, आणि त्याची भार घेण्याची जागा पुढे, बेंबीच्या खाली असते. दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून पुढे एक पट्टी किंवा दोर जातो, त्यावर एक कडे इकडून तिकडे सरकते. इंग्रज त्याला पूल म्हणतात. हा पूल असला म्हणजे माणूस दोराशी न झगडता डावीउजवीकडे वळू शकतो. दोन्ही कुशींना आणखी एकेक कडी हवी. खोडाभोवतून घेतलेला आखूड कमरदोर तेथे अडकवितात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

बैठकीचेही दोन पंथ आहेत. एकात मांड्यांना स्वतंत्र पट्टे असतात. दुसऱ्यात ढुंगणाखाली चक्क फळी किंवा रुंद पट्टी असते. एकाच जागी बसून बारीक छाटणी करणाऱ्याला फळी सुखाची. ती कुल्ल्यांना दोन्ही बाजूंनी आवळू देत नाही. परंतु फांदीवरून चालावयाचे असले की ती डहाळ्यांत अडकते आणि मागे लोंबत राहते. आमचा कौल मांड्यांच्या पट्ट्यांना आहे, कारण आपल्याकडचा चढणारा मुळात चालणारा आहे, बसणारा नाही.

सुखाची परीक्षा कशी करावी? येथे आम्हांला साजगावच्या कार्तिकी यात्रेचीच आठवण देणे सोपे वाटते. बोंबल्या विठोबाच्या यात्रेत सुकी मासळी वासावरून घेतात, आणि घोंगडी खांद्यावर टाकून पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजीत नाही. खोगिराचेही तेच. दुकानात उभे राहून पट्टे आवळून पाहिले म्हणजे काही कळत नाही; उभ्याने सगळीच खोगिरे सुखाची असतात. ते एखाद्या फांदीला किंवा वाशाला हातभर उंचीवर टांगावे आणि वीस मिनिटे त्यात बसावे. घड्याळ लावून. पाच मिनिटांनी कमरपट्टा बरगड्यांकडे सरकला तर तो मोठा आहे. त्याची जागा कमरेच्या हाडांवर आहे. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये. जांघेत बोचत असेल तर कितीही नावाजलेला असला तरी परत करा, कारण तेथूनच पायाची मोठी रक्तवाहिनी जाते. दोन्ही हात सोडून पाहावे. देह मागे कलंडत असेल तर भाराची जागा तुमच्यासाठी खाली आहे. मग कमरेला कोयता आणि करवत अडकवून पुन्हा बसावे. आकडीतला कोयता बैठकीच्या पट्ट्यावर घासतो की काय तेही त्याच वेळी कळते. आणि हे सर्व काम करतानाच्या कपड्यांत करावे. दुकानात पाटलोण घालून बसणारा गडी झाडावर अर्ध्या चड्डीत जातो आणि संध्याकाळी मांड्या सोलून परत येतो.

येथे एक तक्रार नोंदविली पाहिजे. चांगली खोगिरे बहुधा युरोपात वा अमेरिकेत बनतात, तिकडच्या देहांसाठी आणि तिकडच्या हवेसाठी. आमचा कातकरी तरुण अठ्ठावीस इंच कमरेचा. त्याला 'मध्यम' माप दिले तर सर्व पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही ते खाली घसरते. लहान माप मागून घ्यावे. दुकानदार "एकच माप सर्वांना बसते" म्हणू लागला तर निघून यावे. दुसरे, तिकडचा जाड फोम थंडीत ऊब देतो. कोकणच्या दमट उन्हात तो घाम पितो आणि पहिल्या पावसानंतर वाळता वाळत नाही. हवा खेळेल अशी जाळीची अस्तरे मिळतात, ती पाहावीत. किमती हजारांच्या दहादहांत जातात, म्हणून कोणी चांभाराकडून जुन्या पट्ट्यांचे खोगीर शिवून घेतो. आम्ही असे एक पाहिले, सुबक होते. पण या शिलाईला ठराविक धागा, ठराविक नमुन्यात, यंत्राने घातलेला असतो, आणि पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा, म्हणजे झिजलेला टाका डोळ्यांना दिसावा. जिवाच्या शिलाईत काटकसर करू नये. ठेकेदाराने, बंगलेवाल्याने, ग्रामपंचायतीने ही वस्तू घ्यावी. ज्याच्या कौलांसाठी माणूस वर जातो त्याच्या खिशातून ती येणे न्यायाचे आहे.

घेतल्यावर ते उन्हात खुंटीला टांगून ठेवू नये. नायलॉन उन्हाने कुजते, आणि वरून दिसत नाही. मोटारीच्या बॅटरीजवळ तर नकोच. आम्लाचा एक शिंतोडा पुरतो. आणि घुशी-उंदरांना खोबरेल लागलेला पट्टा फार आवडतो. सुंभ जळाला तरी पीळ राहतो म्हणतात. या पट्ट्यांचेही रूप शेवटपर्यंत शाबूत दिसते, म्हणून निर्मात्याने दिलेली वर्षांची मुदत पाळावी आणि एकदा मोठा झटका खाल्लेले खोगीर मोडीत काढावे.

सुखाचा आग्रह आम्ही एवढा धरतो त्याचे कारण चैन नव्हे. जे टोचते ते माणूस वर गेल्यावर सैल करतो. सैल केलेले थोड्या वेळाने सोडतो. आणखी एक. निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि तो दहापंधरा मिनिटांतही बेशुद्ध पडू शकतो; म्हणून खाली दुसरा माणूस, वर चढता येणारा आणि दुसरे खोगीर जवळ असलेला, असल्याशिवाय करवत सुरू करू नये. करवत चालू असताना दोर आणि कमरदोर, दोन्ही अडकविलेले हवेत. आग्या मोहोळ असलेल्या झाडावर तर चढूच नये. माश्या उठल्यावर उतरावयास जो वेळ लागतो तो कोणतेही खोगीर कमी करीत नाही. विजेच्या तारांपुढेही ते निरुपयोगी आहे. तेथे प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जमिनीवर बसावे.

तीन खोगिरे आम्ही बरोबर आणली आहेत. चालकांची परवानगी घेऊन उद्या सकाळी सातला मांडवामागच्या आंब्याला ती हातभर उंचीवर टांगतो. दोन मापांची आहेत, एक फळीचे. ज्यांना बसून पाहावयाचे असेल त्यांनी कामाच्या कपड्यांत यावे, कमरेची आकडी आणि कोयता घेऊन यावे, आणि भरल्या पोटी येऊ नये. बायकांनीही यावे, लहान माप त्यांच्यासाठीच मागविले आहे.