लोखंडाची वही



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावरून बॉयलर, टाक्या आणि नळ यांविषयी बोलायचे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आपल्या जैनथच्या, पैनगंगेकाठच्या घरांतली मुले आज कुठे कामाला आहेत ते पाहा. कोणी चंद्रपूरच्या वीज केंद्रात, कोणी गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यात, कोणी हैदराबादजवळच्या औषध कारखान्यात. त्यांच्या आणि मरणाच्या मध्ये पुष्कळदा दहा-बारा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्राच काय तो असतो. तो पत्रा अजून किती वर्षे विश्वासाने वापरता येईल, हे ठरवायचे कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी तडा. जुने बॉयलर तपासनीसही हातोडीने पत्रा ठोकून असाच कानोसा घेत. आपल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाचा दगड झिजला तर ती झीज डोळ्यांना दिसते. पोलादी पात्राचे तसे नसते. ते बहुधा आतून झिजते, आणि बाहेरून रंग लावला की नव्यासारखे दिसते.

पोलाद मुख्यतः तीन तऱ्हांनी थकते. पहिली झीज : गंज, आम्ल, राख किंवा वेगाने वाहणारे पाणी पत्रा पातळ करते. दुसरी तडा : तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या, दाब चढणाऱ्या-उतरणाऱ्या पात्राला बारीक चिरा पडतात. तिसरी, जोडातला दोष : वेल्डिंगमध्ये राहून गेलेली पोकळी वर्षानुवर्षे गप्प बसते आणि एक दिवस तोंड उघडते.

यांतली झीज मोजणे आज सोपे आहे. मुठीत मावणारे एक यंत्र पत्र्यावर टेकवले की त्यातून कानाला न ऐकू येणारा ध्वनी पोलादात शिरतो आणि आतल्या बाजूवर आपटून परत येतो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून जाडी निघते. पात्र रिकामे करावे लागत नाही, कापावे लागत नाही.

पण एकदा मोजून भागत नाही. एक हिशेब मांडू. समजा, नवा पत्रा १२ मिलिमीटरचा होता आणि दाब सोसायला किमान ८ लागतात. दहा वर्षांनी मोजला तर १० भरला. म्हणजे दहा वर्षांत २ मिलिमीटर गेले, वर्षाला ०.२. उरलेले २ जायला आणखी दहा वर्षे, मालक निश्चिंत. आता समजा, आठव्या वर्षीही त्याच जागी मोजणी झाली होती आणि तेव्हा ११ भरला होता. मग चित्रच पालटते. पहिल्या आठ वर्षांत एकच मिलिमीटर गेला आणि नंतरच्या दोन वर्षांत दुसरा. झीज वर्षाला ०.५ वर आली. उरली ती दहा वर्षे नव्हेत, चारच. पात्र तेच, आजची जाडी तीच. फरक केवळ एका जुन्या नोंदीचा. म्हणून अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेच्या संहितेत साधारण नियम असा आहे, की उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात किंवा दहा वर्षांत, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा तपासणी झालीच पाहिजे.

सावकाराची वही आपल्या पूर्वजांनी धास्तीने पाहिली. लोखंडाचीही अशी वही असते. त्यातले देणे बुडवता येत नाही.

कोणी विचारील, सरकारी तपासणी असते ना? असते. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी १९२३ चा कायदा आला. आता त्याची जागा २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. बॉयलर पाण्याच्या वाढीव दाबाने तपासला जातो आणि ठरावीक मुदतीचा दाखला मिळतो. हा दाखला मोलाचा आहे. पण त्या दाबाला पात्र टिकले म्हणजे ते त्या दिवशी टिकले, एवढेच सिद्ध होते. झिजेचा वेग त्यातून कळत नाही.

शिवाय कारखान्यात बॉयलर एक असला तर टाक्या, नळ आणि रिअॅक्टर पन्नास असतात. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, तेव्हा पहिली बातमी बॉयलर फुटल्याची होती. पुढे कळले की फुटला तो रिअॅक्टर. लोकांच्या तोंडी दोन्ही एकच; कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी पात्रे आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी खातीही वेगळी.

नजर चुकली की काय होते, याचा धडा इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो गावाने दिला. तिथे एका कारखान्यात सहा रिअॅक्टर ओळीने होते. मार्च १९७४ मध्ये पाचव्याला मोठी भेग सापडली. भेग सापडली, इथवर उत्तम. तो काढून चौथा आणि सहावा एका तात्पुरत्या वाकड्या नळाने जोडला. त्या नळाचा आराखडा कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेला होता. दाबाने तो कसा वळेल याचा नीट हिशेब कोणी केला नाही. १ जून १९७४ रोजी तो नळ निसटला, ज्वालाग्राही वाफेचा ढग पेटला आणि २८ माणसे गेली. दुरुस्तीचीही परीक्षा घ्यावी लागते. ‘तूर्तास चालवून घेऊ’ हे शब्द कारखान्यात ऐकू आले, की सावध व्हावे.

आणि चालू यंत्रच धोक्याचे असते, हाही गैरसमज. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमच्या एल.जी. पॉलिमर्समध्ये, टाळेबंदीत उत्पादन थांबलेले असताना, साठवणीच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि १२ जण मृत्युमुखी पडले. तापमान टाकीच्या तळाशी मोजले जात होते. वरचा थर तापत गेला तो कोणाला दिसला नाही. मोजमाप होते, पण चुकीच्या जागी.

हे आपल्या दाराशी आणून पाहू. आदिलाबादचा सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना १९९८ पासून बंद आहे. तो पुन्हा सुरू करावा, ही मागणी आपल्या भागात जिव्हाळ्याची आहे, आणि का नसावी? त्यावर घरे चालली होती. पण पाव शतकाहून अधिक काळ उभे असलेले पोलाद विसावा घेत नसते, गंजत असते. सिमेंटच्या भट्टीचा नळकांड्यासारखा कवच-पत्रा आतल्या विटांच्या आड गंजू शकतो. विटा काढल्याशिवाय तो नीट कळायचा नाही. ‘सगळे भंगार आहे’ हे जसे न मोजता म्हणू नये, तसे ‘जरा तेलपाणी केले की चालेल’ हेही म्हणू नये. मागणी करताना आपण एक कलम जोडावे : प्रत्येक पात्राची, तुळईची आणि जोडाची स्वतंत्र तज्ज्ञांकडून मोजणी व्हावी आणि तिचा अहवाल कामगारांना वाचता येईल अशा भाषेत, तेलुगूत आणि मराठीत, लावला जावा.

मुलगा सुटीवर घरी आला की आपण पगार विचारतो, जेवणाचे विचारतो. आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. तुझ्या जवळच्या टाकीची जाडी शेवटची कधी मोजली? त्याआधीच्या मोजणीची नोंद आहे का? आणि दुरुस्ती झाली असेल तर तिचा हिशेब कोणी तपासला? त्याला उत्तरे ठाऊक नसतील. पण तो परत जाऊन एखाद्या वरिष्ठाला विचारील, आणि विचारणारा कोणी आहे हे कळले, की वही जरा नीट लिहिली जाते.

साहित्याच्या मंडळींना मी वेगळे काय सांगावे? लिहून ठेवलेले टिकते, हा तुमचाच विश्वास आहे. कारखान्यात त्याच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.